थोरल्या भावाचं खातं

पियूषच्या क्रिप्टो कंपनीला आयर्लंडमध्ये नोंदणी हवी होती. त्यासाठी संशयास्पद पैसा अडवण्याची जबाबदारी त्याच्या बायकोनं, मुक्तानं, घेतली होती. लॉकडाउनमुळे तिथल्या मध्यवर्ती बँकेसमोरची तिची मुलाखत डब्लिनच्या सिटीवेस्ट भागातल्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावरच्या लॅपटॉपवर चालली होती. बँकेच्या अधिकारी बाईंनी विचारलं, “नवऱ्याला नाही म्हणता येईल तुम्हाला?” पियूष ओट्यापाशी चहा करत होता. मुक्ता म्हणाली, “आज सकाळीच म्हटलंय. त्याच्या थोरल्या भावाचं खातं मी नाकारलं. पैसे कुठून आले, ते त्यांनी सांगितलं नाही.” पियूषला हे आत्ताच कळत होतं. याच भावानं स्वतःच्या खर्चानं त्याला शिकवलं होतं. “ग्रँड,” म्हणजे ‘छान, ठीक आहे’, असं आयरिश ढंगात म्हणून बाईंनी कॉल संपवला. पियूषनं चहाचा कप तिच्यापुढे ठेवला. “दादांना मी कळवते,” ती म्हणाली. “तुझं काम तू केलंस. दादा माझा आहे,” म्हणत त्यानं फोन लावला.