चार फळ्या

"चारच फळ्या दे, पोरी. पेटी मी माझ्या हातानं करीन," म्हातारा सुतार म्हणाला.

गोदाम सांभाळणाऱ्या बाईनं यादीवरून नजर काढली नाही. "नाही जमणार, बाबा."

काल दुपारी पुलावर बॉम्ब पडला. म्हाताऱ्याचा एकुलता एक मुलगा त्यात गेला; पेटी त्याला पुरण्यासाठीच हवी होती. पूलही गेला, त्यामुळे लाकडाचा पुढचा ट्रक आता येणार नव्हता. गोदामात होतं तेवढ्यावरच भागवायचं होतं. शाळेच्या मैदानात निवाऱ्याचा खड्डा खणून तयार होता. दीडशे मुलं मावतील एवढा. त्याच्या छताला साठ फळ्या लागत होत्या, आणि गोदामात मोजून साठच होत्या.

फळ्या शाळेवर न्यायला आलेल्या ट्रकचा ड्रायव्हर या गोदामावर आजच पहिल्यांदा आला होता. त्याला राहवलं नाही.

"द्या हो बाई. चार फळ्यांनी काय आभाळ कोसळणार आहे?"

"कोसळेल. पोरांच्या डोक्यावर."

तिचा आवाज चढला नाही, कापलाही नाही. पत्रे किती, वाळूची पोती किती, हे सांगावं तसं तिनं ते सांगितलं. मग पुढच्या ओळीवर खूण केली. 'काळीज आहे की धोंडा,' असं पुटपुटत ड्रायव्हर फळ्या चढवू लागला.

म्हाताऱ्यानं वाद घातला नाही. तो थप्पीजवळ गेला. एका फळीवरून त्यानं सवयीनं हात फिरवला आणि एका गाठीपाशी थांबला.

"ही मधे घालू नका. इथून मोडेल. कडेला घाला."

"घालणारं कोण आहे?" ती म्हणाली. "दोन सुतार सांगितले होते, एकच आलाय."

शेवटची फळी चढवून ड्रायव्हर ट्रकमध्ये बसला. म्हातारा हत्यारांची पिशवी खांद्यावर सारखी करून त्याच्या शेजारी चढून बसला. ड्रायव्हरनं ट्रक चालू केला.

"बाबा, थांबा." ती खिडकीशी आली. सकाळपासून पहिल्यांदाच तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "काम उरकलं की सरळ घरी या. चादर मी काढून ठेवलीय, आमच्या लग्नातली. ह्यांना तिच्यातच गुंडाळू."