वाक्यात उपयोग

पक्षाघातानंतर बाबांची वाचा अडखळू लागली, तेव्हा स्पीच थेरपिस्ट हसून म्हणाली, "सर जन्मभर इंग्रजी शिकवायचे ना? आज त्यांचा तास लेकीनं घ्यायचा."

मी त्यांच्या आवडीचं एक पुस्तकी इंग्रजी क्रियापद निवडलं. "बाबा, 'बिसीच' म्हणजे?"

"का... काकुळतीनं विनवणे."

"वा, गुरुजी! आता वाक्यात उपयोग करा."

त्यांचे ओठ बराच वेळ हलत राहिले, पण शब्द जुळेनात. शेवटी त्यांनी हॉस्पिटलच्या कॉटखालच्या आपल्या चपलांकडे बोट दाखवलं. मग चांगल्या हातानं लुळा हात उचलला आणि माझ्यापुढे दोन्ही हात जोडले.

त्यांना घरी न्यायचं आता विसरा, असं डॉक्टरांनी मला सकाळीच सांगितलं होतं.

"बरोबर, बाबा," मी म्हणाले. "पुढचा शब्द घेऊ."