गाऱ्हाण्यातलं नाव

"सुशीलान कपाळाचा कुंकू पुसल्यान," बाबलीची बायको विहिरीवरून आली ती कळशी खाली न ठेवताच म्हणाली.

बाबली पेजेवरून उठला. "तार इली?"

"तार खंयची? काल देवळात तुमीच सांगलात मा सगळ्यांनी!"

बाबलीला काही कळेना. काल देवळात त्यानं कोणाला काही सांगितलं नव्हतं. सप्ताह संपला, दाजी गावकरांनी देवाला गाऱ्हाणं घातलं, प्रसाद वाटला, माणसं घरोघर गेली. दरसालचंच सगळं.

सुशीला ही गुरुदासची बायको, आणि गुरुदास म्हणजे बाबलीचा लंगोटीयार. मंगळूरहून कौलं भरून निघालेल्या गलबतावर तो खलाशी होता. दिवाळीतल्या वादळानंतर बाकीची गलबतं एकेक करून बंदरात लागली. त्याचं लागलं नाही. वाऱ्यानं गोव्याच्या हद्दीत गेलं असेल, पोर्तुगीज सोडत नसतील, असं एकमेकांना सांगत गावानं महिना काढला. सुशीला मात्र आगबोट आली की धक्क्यावर जाऊन उतारूंना विचारत उभी राहायची. काल तिनं दाजींच्या हाती नारळ दिला होता. "त्यांचा नाव घेवा गाऱ्हाण्यात," एवढंच म्हणाली होती.

गाऱ्हाण्याची रीत अशी, की गावकरानं देवापुढे एकेक मागणं घालायचं आणि मागं उभ्या गावानं दर मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. बाबलीचा आवाज त्यात सगळ्यांच्या वरचा. बाबली ओरडला की देव दचकून जागा होतो, असं लोक म्हणत. काल मात्र तोंड देवळात आणि मन रापणीवर होतं. सकाळी जाळ्यात भरपूर मासळी आली होती आणि वाटणीत आपल्याला डावललं, हे त्याच्या डोक्यातून जात नव्हतं. मुंबैक गेलेल्यांका बरकत दे. व्हय म्हाराजा. गुराढोरांची राखण कर. व्हय म्हाराजा. पुढं दाजी काय म्हणाले, ते बाबलीला काही केल्या आठवेना.

"'गुरुदासाच्या जिवाक शांती दे, तुझ्या पायाकडे जागो दे,' असा म्हटल्यानी दाजींनी," बायको म्हणाली. "आणि तुमी सगळ्यांनी व्हय म्हाराजा केल्यात. सुशीला विहिरीर सांगत हुती."

"तू पण हुतंस मा थंय?"

"मी खंय आयकलंय!"

बाबली तसाच दाजींकडे धावला. दाजी ओटीवर पान जुळवत बसले होते.

"दाजीनू, गुरुदासाची काय खबर इली?"

"नाय रे."

"मगे काल तुमी त्याका गेलेल्या माणसांत कसो घातलात?"

दाजींनी पान खाली ठेवलं. काल आपण काय म्हटलं, हे त्यांनाही आठवेना. त्यांनी डोळे मिटले आणि पहिल्यापासून गाऱ्हाणं पुटपुटायला घेतलं. त्या जागेपाशी आले आणि ओठ थांबले.

"गाऱ्हाण्यात दर्यावरल्या माणसाचा नाव इला काय ता बुडालेल्याचाच आसता," ते हळूच म्हणाले. "जीभ आपली थंयच गेली. पण तुमी एवढे जण हुतास रे! एकान तरी माका अडवूचा हुता."

चार माशांपायी बाबलीनं मित्राला जिवंतपणी तिलांजली दिली होती, तीही गावात सगळ्यांत मोठ्या आवाजात. त्याला स्वतःची शिसारी आली.

"देवाक मी समजावतंय," दाजी म्हणाले. "तिका तू सांग."

बाबली चोरासारखा सुशीलाच्या अंगणात शिरला. ती रडून रडून सुजली असेल, असं त्याला वाटलं होतं. पण तिनं अंगण सारवलं होतं, केस विंचरले होते. कपाळ तेवढं मोकळं होतं.

"येवा भावजी. तार तुमच्याकडे आसा काय दाजींकडे? माका दाखवा. मी रडाचंय नाय."

"तार इली नाय, वयनी."

"मगे कोणी सांगल्यान?"

"कोणीच नाय. दाजींची जीभ चुकली."

"आणि तुमची?" सुशीला त्याच्याकडे बघत राहिली. "तुमचो आवाज मी वळाखलंय. म्हटला, भावजी व्हय म्हणतत म्हंजे खराच आसतला. माका तोंडार सांगूक जमूक नाय, म्हणान देवाच्या आडसून सांगतत."

"मी आयकूक नाय गो," बाबली म्हणाला. "तोंडातसून आपसूक इला."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं दिल्या नाहीत.

"म्हंजे ते येतले?"

'व्हय' अगदी दातांपर्यंत आलं होतं. बाबलीनं ते गिळलं.

"माका ठावक नाय."

सुशीला आत गेली. करंडा उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा कपाळावर ठसठशीत कुंकू होतं, आणि ते बघून बाबलीच्या जिवात जीव आला. निदान एवढं तरी निस्तरलं, असं त्याला वाटलं. तो जायला वळला.

सुशीला उंबरठ्यावर टेकली होती. तिची नजर धक्क्याच्या वाटेला लागली होती.

"महिन्याभरात काल रातीच काय ती माका झोप लागली हुती, भावजी," ती म्हणाली.