खिडकीतला डबा

राऊटरचा हिरवा दिवा विझला, तशी पुष्पाबाई खिडकीपाशी येऊन उभी राहिली.

“मारला का त्याले?”

“नाही आई. कंपनीनं त्याच्या डोक्यात भरलेलं जुनं काढून मी नवं भरून राहिली. फर्मवेअर म्हणतात त्याला. थोडा वेळ मेल्यासारखाच राहते तो,” तिची सून हर्षा लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाली.

“मेल्यासारखा राहू दे. मरू नको देऊ.”

पुष्पाबाईनं गजांतून बाहेर पाहिलं. गल्लीपल्याड सत्यभामाबाईच्या ओट्यावर तिची नात रुचिका बारावीचं पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती. रोजच बसायची. हातातला मोबाईल आज ती उलटसुलट करून पाहत होती.

“काई लोकायले घरात जागा नाई वाट्टे. पुस्तकं ओट्यावर वाळू घालतेत,” पुष्पाबाई गजांना म्हणाली.

त्या घराशी तिचं बोलणं बंद होतं. जे काही सांगायचं ते ती वाऱ्याला सांगे, ऐकायचं काम त्या ओट्याचं. सत्यभामाबाईच्या म्हशीनं ऐन रोवणीच्या तोंडावर हिचे पऱ्हे खाल्ले होते. धानाची कोवळी रोपं, रात्रीतून साफ. वर सत्यभामाबाईच म्हणाली, कुंपण धड घालावं माणसानं. म्हैस कधीच मरून गेली. ते वाक्य अजून जिवंत होतं.

म्हणूनच नेट बसवायला आलेला माणूस डबा मधल्या खोलीत लावतो म्हणाला, तेव्हा पुष्पाबाईनं त्याला हाताला धरून खिडकीशी आणलं होतं. “इथं लाव. दिवा गल्लीतून दिसला पायजे. त्या म्हशीवालीले दिसला पायजे.” घरचे अजून त्यावर हसत.

आज मात्र हर्षा हसत नव्हती. पुण्याच्या कंपनीनं तिला घरून काम द्यायचं कबूल केलं होतं. सोमवारी ते लोक दिवसभर व्हिडिओवर पारखून घेणार होते. मागच्या खोलीत, जिथं बसून तिला काम करायचं, तिथंच नेट तुटायचं. सोमवारी तुटलं तर काम गेलं. मग तिचा नवरा अमर आणि तिला नागपुरात खोली करावी लागणार. जाऊ नका, असं पुष्पाबाई एकदाही म्हणाली नव्हती. भाड्याच्या खोलीत उंदीरसुद्धा उपाशी मरतेत, एवढंच म्हणाली होती.

“किती वेळ वं अजून?” तिनं विचारलं. बाहेर रुचिका मोबाईल डोक्यावर धरून ओट्याच्या टोकाला गेली होती.

दिवा पेटला. हर्षा फोन घेऊन घरभर फिरली. खिडकीशी नेट घोड्यासारखं पळत होतं. मधल्या खोलीत बरं. मागच्या खोलीत व्हिडिओ अडला आणि गोल चक्कर फिरत राहिलं. ती परत आली, दोन गोष्टी बदलल्या, पुन्हा फिरली. चक्कर तेच.

“आई, नव्यानं याचा दम वाढला. पण आपल्या मातीच्या भिंती लय जाड. डबा मधल्या खोलीत न्यावाच लागते.”

“खिडकीतून हालणार नाई तो.”

“सोमवारी माझं—”

“मले माहीत हाय सोमवारी काय हाय.”

हर्षानं लॅपटॉप मिटला. सासूपुढे ती कधी आवाज चढवत नसे. आताही चढवला नाही. “एका दिव्यापायी आम्हाला नागपूरला धाडता का तुम्ही?”

पुष्पाबाईनं गज सोडले. ती खाली बसली. बाहेर रुचिकानं पुस्तक मिटलं.

“दोन जागी नाई लावता येत का दिवा?” पुष्पाबाईनं विचारलं. “एवढी कॉम्प्युटरची शिकलेली सून आणली. का नुसती कागदावर शिकली?”

हर्षानं मिटलेला लॅपटॉप पुन्हा उघडला.

“जुना डबा होता ना एक? अटकत होता म्हणून यांनी फेकला तो.”

“माया घरातून काई फेकल्या जात नाई.”

धानाच्या कोठीमागून पुष्पाबाईनं पिशवीत गुंडाळलेला डबा काढला, पदरानं पुसला आणि सुनेच्या मांडीवर ठेवला. हर्षानं त्याच्या डोक्यातही तेच नवं भरलं. तो लाल झाला, विझला, आणि इतका वेळ विझलेला राहिला की पुष्पाबाई उठून उभी राहिली. मग हिरवा पेटला. नवा डबा मधल्या खोलीत गेला. जुना खिडकीत बसला. नव्याकडून नेट घ्यायचं आणि पुढं गल्लीकडे फेकायचं, हे हर्षानं त्याला शिकवलं.

मागच्या खोलीत व्हिडिओ सुरू झाला. संपेपर्यंत कुठं अडला नाही.

पुष्पाबाईनं पदर सारखा केला आणि गजांना सांगितलं, “आमच्या सुनेनं मेलेला डबा उठवला. पुण्याची कंपनी आता आमच्या मागच्या खोलीत बसन. ज्यायले नागपूरले जायचं त्यायनं खुशाल जावं. आमचं नागपूर इथंच हाय.”

हर्षा लाजली. लाज लपवायला पुन्हा लॅपटॉपकडे वळली. “नवं भरलं की जुनं नाव, जुना पासवर्ड, सगळं पुसल्या जाते, आई. आता चांगला कडक पासवर्ड ठेवते. काय ठेवू, सांगा.”

पुष्पाबाई समोरच्या रिकाम्या ओट्याकडे पाहत होती.

“जुनाच ठेव.”

“काहून? जुना तर—”

“जुनाच ठेव म्हणलं ना. नवा ठेवला त त्या पोरीले सांगाले मले पुन्हा म्हशीवालीच्या ओट्यावर चढा लागन. आन् मायं तिच्याशी बोलणं बंद हाय.”