दहाव्याचा कावळा

सुभद्राच्या दहाव्याला कोरड्या नदीत पिंड ठेवला होता. दुष्काळात पाणीही सहकारी कारखान्याच्या टँकरचं. बाभळीवरचा कावळा काही केल्या पिंडाला शिवेना. "दाजी, अक्काचा जीव तुमच्या दारूत अडकलाय. सोडतो म्हना," मेहुणा म्हणाला. रामहरीनं हात जोडले. "सोडली, सुभद्रा." कावळा जागचा हलला नाही. "ह्ये तिनं लई येळा ऐकलंय," चुलती फणकारली. रामहरीला डॉक्टरांचं बोलणं आठवलं. "वर्षानुवर्षांच्या दारूनं पायातल्या नसा निकामी झाल्यात, जखम झाली तरी कळणार नाही, आता प्यायलात तर पाय कापावा लागेल." ते ऐकून सुभद्राच रडली होती. दिवसभर ऊस तोडून ती त्याचे गार पाय चोळायची. त्यानं बंडीच्या खिशातली बाटली काढली आणि वाळूत उपडी केली. कावळा खाली आला, पिंडाला शिवला. सगळे सुटल्यासारखे घराकडे निघाले. रामहरीची नजर मात्र ओल्या वाळूवरून हलेना.