जागचं हलायचं नाही

आमची कादंबरी दहा वर्षांची. बुद्धिबळाच्या ज्युनियर संघातून परदेशी खेळायला गेलेली, आणि आज संघाचं पदक तिच्या एकटीच्या डावावर अडलेलं. "डाव संपला की पहिला फोन तुला," असं मला सांगून गेली होती.

इकडे डिलाईल रोडच्या खोलीत आम्ही टीव्हीवर तिचा डाव बघत होतो. तिने समोरच्या मुलीचा हत्ती मारला आणि माझ्या सासऱ्यांनी, आबांनी, सगळ्यांना होते तिथेच थांबवलं.

"कोणी जाग्यावरसून हलू नको! नात जिंकता हा."

सासूबाई अर्ध्या निवडलेल्या मेथीपाशी. माझा नवरा विनीत दारात, एका पायात चप्पल. मी भिंतीला टेकून, मांडीवर धाकटा झोपलेला, पायाला मुंग्या.

ओट्यावर माझा फोन वाजला. मी उठणार, तोच आबा ओरडले, "बस गो! पोरीचो डाव बिघडवशीत."

डाव तर चालूच होता, म्हणजे फोन दुसऱ्याच कुणाचा असणार. मी बसले. तो तीनदा वाजला आणि गप्प झाला.

थोड्या वेळाने पडद्यावर कादंबरीचा राजा कोपऱ्यात अडकला. ती हरली. तेव्हा कुठे विनीतने खालची बारीक ओळ मोठ्याने वाचली, 'प्रक्षेपण पंधरा मिनिटं उशिराने.'

बधिर पायाने मी ओट्यापर्यंत पोचले. संघाबरोबर गेलेल्या सरांच्या फोनवरून तिचा मेसेज आला होता.



"आई, मी हरले म्हणून तू फोन उचलत नाहीयेस का?"