पाठीवरची नाडी

राजवाड्यात इंग्लंडच्या जुन्या ट्यूडर राजांच्या नावाने वर्षभर खेळ आणि प्रदर्शनं चालली होती. त्या खेळांत टॅबिथा रोज राणी व्हायची आणि मेरियल तिला सजवायची. राणीचा झगा पाठीवर नाडीने आवळलेला असे. तो एकटीला ना घालता येई, ना काढता. मेरियल त्या काळच्या रीतीने नाडी एकाच बाजूने नागमोडी ओवायची. "पाठीकडे कोण बघतंय?" असं कुणी म्हटलं, की ती म्हणायची, "मी बघते ना!"

"डंकनची कंबर कशी आहे गं?" संध्याकाळी पाठ करून उभी राहत टॅबिथाने विचारलं. मेरियलचा नवरा राजाचा शिकारी म्हणून दिवसभर हातावर ससाणा घेऊन उभा असायचा.

"काय असणार? घरी आला की वाकता येत नाही मेल्याला. बुटांच्या नाड्यासुद्धा मीच सोडायच्या."

"बिचारा! तू आहेस म्हणून निभतंय त्याचं."

मेरियलने तिचे केस बाजूला सारले आणि तिचा हात थांबला. नाडी फुल्याफुल्यांनी ओवली होती. खाली तिहेरी गाठ, आणि उरलेली टोकं आत खुपसलेली.

"दुपारी झगा काढला होतास का?"

"छे गं! सकाळी तू आवळलास, तेव्हापासून जीव गुदमरलाय माझा. सोड ना लवकर. का, सुटत नाहीये?"

"सुटेल की," मेरियल म्हणाली. "ही गाठ एकोणीस वर्षं मी रोज संध्याकाळी दारात बसून सोडतेय."